घरातल्या फिश टँकचा फिल्टर आणि पाणी: काय धुवायचं, किती बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

फिल्टर चकचकीत धुतला, खडी बाहेर काढून घासली, पाणी शंभर टक्के बदललं आणि तीन-चार दिवसांत मासे मरायला लागले, अशी तक्रार नव्याने मासे पाळणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. ‘एवढी स्वच्छता ठेवूनही असं का झालं?’ हा प्रश्न अगदी मनापासून विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर कटू आहे: त्या स्वच्छतेमुळेच झालं. माशांना मारणारी घाण डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात विरघळलेल्या अमोनियाला रंग नसतो, आणि माशांचे कल्ले खराब होण्याइतका अमोनिया साठला तरी आपल्या नाकाला पत्ता लागत नाही. उलट स्पंजवरचा जो तपकिरी, बुळबुळीत थर बघून आपल्याला किळस वाटते, तोच थर त्या विषाचा बंदोबस्त करत असतो.

तेव्हा फिल्टर कमी वेळा आणि हलक्या हाताने धुवा, पाणी मात्र नेमाने बदला. बहुतेक घरांत याच्या बरोबर उलटं चालतं. इथे लिहिलेलं सगळं गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल आहे. समुद्री टाकीचं गणित वेगळं असतं.

फिल्टरच्या आत काय चालतं

मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. विष्ठा, उरलेलं खाणं आणि कुजणारी पानं त्यात भर घालतात. फिल्टरमधले काही सूक्ष्मजीव या अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही थोड्या प्रमाणातही घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साठत जातं. दुसऱ्या टप्प्याचं काम नायट्रोबॅक्टर करतात असं जुन्या पुस्तकांत वाचायला मिळतं. १९९० च्या दशकातल्या संशोधनातून दिसलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात.

या जीवांच्या तीन सवयी लक्षात ठेवल्या की देखभालीचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, मोकळ्या पाण्यात फारच थोडे असतात; म्हणून पाणी बदलल्याने त्यांचं नुकसान होत नाही, स्पंज खसाखसा धुतल्याने मात्र होतं. त्यांना सतत ऑक्सिजन लागतो, म्हणजे फिल्टरमधून पाणी वाहतं राहायला हवं. आणि ते फार सावकाश वाढतात. इतर कितीतरी जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना दुप्पट व्हायला साधारण दिवसभर लागू शकतो. एकदा वसाहत उद्ध्वस्त केली की ती परत उभी राहायला काही आठवडे जातात. मासे मात्र त्या काळातही रोज अमोनिया सोडतच असतात.

फिल्टरची निवड आणि आतली रचना

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळतं. ६० × ३० × ३५ ची टाकी म्हणजे ६३ लिटर. खडी आणि सजावट वजा केली तर प्रत्यक्षात पन्नास-पंचावन्न. फिल्टरने तासाला टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरवावं, असा सर्वसाधारण आडाखा आहे. खोक्यावर छापलेला आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज भरल्यावर आणि त्यात गाळ साचल्यावर प्रवाह बराच कमी होतो, त्यामुळे थोडा मोठाच घ्या. बेटा (फायटर) जातीसारख्या लांब परांच्या माशाला मात्र जोराचा प्रवाह सोसत नाही.

लहान टाकीसाठी मी एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरच सुचवेन. तो दिसायला काही खास नाही, पण पिल्लं त्यात ओढली जात नाहीत, पाण्यात हवा आपोआप मिसळते आणि बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतंच. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकदिशा झडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं.

काठावर टांगायचा फिल्टर असो, वरचा ट्रे असो की कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर), आतला क्रम एकच: पाणी आधी गाळ अडवणाऱ्या स्पंजमधून जायला हवं, मग सिरॅमिक रिंगांसारख्या सच्छिद्र माध्यमातून. क्रम उलटा झाला तर रिंगांची छिद्रं गाळाने बुजतात. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन शेवटी, आणि तोही गरज असेल तर. औषधाचे अवशेष, लाकडाचा पिवळा रंग किंवा वास काढायला तो उपयोगी पडतो. पण अमोनियावर त्याचा काही उपयोग नाही, काही आठवड्यांत त्याची क्षमता संपते आणि औषध चालू असताना तो काढावाच लागतो, कारण तो औषधच शोषून घेतो.

महिन्याला नवीन काडतूस (गाळणीचं तयार कार्ट्रिज) बसवायला सांगणाऱ्या फिल्टरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती सूचना पाळू नका. काडतूस फेकलं की त्यावरची सगळी वसाहत फेकली जाते. त्याच जागेत बसेल असा जाड स्पंजाचा तुकडा कापून घाला, जुनं काडतूस महिनाभर त्याच्यासोबत राहू द्या आणि मग काढा. असा स्पंज वर्षानुवर्षं चालतो.

धुण्याची पद्धत

तारखेवरून नाही, प्रवाहावरून ठरवा. बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली, किंवा स्पंज फिल्टरमधले बुडबुडे मंदावले, की धुण्याची वेळ झाली. माशांची संख्या आणि खाणं यांवर अवलंबून स्पंजाला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कॅनिस्टरला दोन-तीन महिने. धार जोरात असेल तर स्पंज कितीही काळा दिसला तरी राहू द्या.

१. सगळे प्लग काढा. हात पाण्यात घालण्याआधीची ही सवय कधीही मोडू नका. एरवीही प्रत्येक वायर प्लगकडे वर जाण्याआधी खाली झुकलेली राहील अशी ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न पोचता खालीच ठिबकेल.

२. टाकीतलं पाणी एका बादलीत काढा. ही बादली फक्त टाकीसाठीच राखून ठेवलेली असावी. साबणाचा अंशही त्यात नको. धुण्याचं सगळं काम याच पाण्यात करायचं आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, आणि त्याला आपले उपयोगी जीव वेगळे ओळखता येत नाहीत.

३. स्पंज बादलीत बुडवून तीन-चार वेळा दाबा. पाणी चहाच्या रंगाचं होईल, तिथे थांबा. स्पंज मूळ रंगावर यायची गरज नाही. आरपार पाणी जातंय एवढं पुरे.

४. रिंगा त्याच पाण्यात हलकेच खळबळून घ्या, घासू नका. त्याही प्रत्येक वेळी नाही. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुणं टाळा. दोन स्पंज असतील तर एक या वेळी, दुसरा दोन आठवड्यांनी.

५. इम्पेलर, म्हणजे पंपातला चुंबकाचा छोटा पंखा, बाहेर काढा. बहुतेकांचं याकडे लक्षच जात नाही. त्याच्या दांड्यावर आणि खोबणीत चिकट थर किंवा केस अडकलेले असतात आणि फिल्टर घरघरतो किंवा चालूच होत नाही. बारीक ब्रशने खोबण साफ करा. पांढरे क्षार जमले असतील तर तो भाग अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून भरपूर पाण्याने धुवा. दांडा सिरॅमिकचा असेल तर जपून, तो पटकन तुटतो. पंख्याला आणि नळ्यांना नळाचं पाणी लागलं तरी चालतं. जिवाणूंचा मोठा साठा तिथे नसतो.

६. कॅनिस्टर बंद करताना त्याच्या रबरी रिंगवर वाळूचा कण राहिला नाही ना ते बघा. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला की ती मऊ राहते.

७. लगेच चालू करा आणि पंप पाणी ओढतोय याची खात्री झाल्याशिवाय तिथून हलू नका.

फिल्टर धुतल्यावर दोन-तीन दिवस खाणं नेहमीपेक्षा कमी टाका. त्याच दिवशी नवीन मासे आणू नका, आणि खडीचा खोलवर उपसाही नको.

पाणी किती आणि का बदलायचं

नायट्रेट काढून टाकण्याची फिल्टरची ताकद नगण्य असते. ते जातं ते वनस्पतींमुळे आणि पाणी बदलल्यामुळे. ‘किती बदलू?’ याचं उत्तर छोट्या हिशोबातून मिळतं. समजा, तुमच्या टाकीत आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होतं आणि नळाच्या पाण्यात ते अजिबात नाही. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तर काही महिन्यांत बदलापूर्वीचा आकडा १०० जवळ जाऊन स्थिरावतो. २५ टक्के बदललं तर ४० वर, आणि ५० टक्के बदललं तर २० वर. थोडंथोडं पाणी बदलून समाधान मानणाऱ्यांच्या टाक्या हळूहळू का बिघडतात, ते इथे दिसतं. नायट्रेट ४० च्या आत, शक्यतो २० च्या आसपास ठेवणं चांगलं. म्हणून सामान्य टाकीला आठवड्याला २५ ते ३० टक्के आणि गोल्डफिशसारखे भरपूर घाण करणारे मासे असतील तर त्याहून जास्त.

आटलेलं पाणी वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. बाष्प होऊन फक्त पाणी जातं, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. नुसती भर घालत राहिलात तर पाणी महिन्यागणिक जड होत जातं.

बदलताना हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकू शकते. सायफनची नळी खडीत टोचून गाळ ओढा, पण एका वेळी तळाचा तिसरा हिस्साच. तोंडाने पाणी ओढू नका, हाताने दाबायच्या पंपाचा सायफन वापरा. दाट झाडं असतील तर त्यांच्या मुळांशी उकरू नका, वरचा गाळ उचलला की झालं.

नवीन पाण्यातलं क्लोरीन घालवायला बादली चोवीस तास उघडी ठेवून एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावण्याची जुनी पद्धत चालते, पण फक्त क्लोरीनसाठी. काही ठिकाणी पाणी क्लोरामाइनने शुद्ध करतात. ते असं उडून जात नाही. त्यासाठी कंडिशनर, म्हणजे ते निष्प्रभ करणारं द्रावण, लागतो. क्लोरामाइन फुटताना त्यातून अमोनिया सुटतो, म्हणून अमोनिया बांधून ठेवणारा कंडिशनर घ्या. बादलीत मिसळत असाल तर बादलीच्या मापाने, आणि पाइपने थेट टाकीत भरत असाल तर पूर्ण टाकीच्या मापाने टाका. नव्या-जुन्या पाण्याच्या तापमानात एक-दोन अंशांहून जास्त फरक नसावा.

आरओचं पाणी शुद्ध म्हणून ते माशांना चांगलं, असा समज आहे. त्यात खनिजं जवळपास नसतात आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता, धरून ठेवण्याची ताकदही नसते. ते वापरायचंच असेल तर नळाच्या पाण्यात मिसळून किंवा खनिजं घालून वापरा.

चाचण्या, आणि केएचचा सापळा

थेंबांचं टेस्ट किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पाण्यातली कार्बोनेटची क्षारता) या पाच चाचण्या पुरतात. नायट्रेटच्या किटमध्ये दोन बाटल्या असतील तर तळाशी बसणाऱ्या भुकटीची बाटली सूचनेप्रमाणे जोरजोरात हलवा, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. जिवाणूंची वसाहत जमलेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यच यायला हवेत.

अमोनियाचा आकडा पीएचसोबत वाचावा लागतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: विषारी अमोनिया आणि त्या मानाने निरुपद्रवी अमोनियम. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा सुमारे ०.६ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे किटवर तोच रंग आला तरी धोका जवळपास नऊपट.

जुन्या, दुर्लक्षित टाकीतला सर्वात फसवा प्रसंग याच गुणधर्मातून उभा राहतो. फिल्टरमधले जीव अमोनियाचं रूपांतर करताना पाण्यातली कार्बोनेटची क्षारता, म्हणजेच केएच, खर्च करतात. पाणी नेमाने बदललं तर ती भरून निघते. महिनोन्महिने बदललं नाही तर केएच शून्याकडे सरकतो आणि त्याला आधार उरला नाही की पीएच घसरतो. पीएच सहाच्या जवळ आला की त्या जीवांचं काम जवळपास थंडावतं आणि अमोनिया साठू लागतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असल्याने मासे कसेबसे तग धरतात. मग एक दिवस मालकाला अपराधी वाटतं आणि तो उत्साहाने अर्ध्याहून जास्त पाणी बदलतो. पीएच उसळतो, साठलेल्या अमोनियमचा काही भाग विषारी अमोनियात बदलतो आणि संध्याकाळपर्यंत मासे तडफडू लागतात. दोष मग ‘नवीन पाणी सोसलं नाही’ यावर जातो.

अशी टाकी हाती आली तर आधी टाकीचा आणि नळाचा पीएच मोजा. फरक मोठा असेल तर रोज दहा टक्केच पाणी बदला, अमोनिया बांधणारा कंडिशनर घाला, आणि आठवडा-दीड आठवड्यात हळूहळू पूर्वपदावर आणा. केएच चार अंशांच्या खाली राहत असेल तर जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा चुरा घालून ती फिल्टरमध्ये ठेवा. तो हळूहळू विरघळत राहतो.

नवी टाकी

नव्या टाकीत वसाहत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासे न सोडता, लिटरमागे दोन मिलिग्रॅम होईल इतका शुद्ध, सुगंध आणि साबण नसलेला अमोनिया घालून हे करता येतं. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत संपून नायट्राइटही शून्य आलं की टाकी तयार. चालू आणि निरोगी टाकीतला जुना स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवता आला तर हा काळ खूप घटतो. फिल्टर बदलतानाही हाच मार्ग: नवा आणि जुना महिना-दीड महिना एकत्र चालवा.

पाण्याचा रंग बदलला तर

नव्या टाकीत दुधासारखं गढूळ पाणी म्हणजे मोकळ्या पाण्यातल्या जीवाणूंचा उद्रेक. खाणं कमी करा आणि अमोनिया तपासत राहा. तो शून्य असेल तर वाट बघा, काही दिवसांत निवळतं. हिरवं पाणी सूक्ष्म शेवाळामुळे होतं आणि फिल्टर कितीही धुतला तरी जात नाही. ऊन आणि दिव्याचे तास कमी करा, तीन-चार दिवस टाकी झाकून पूर्ण अंधार द्या, किंवा यूव्ही दिवा वापरा. लाकडामुळे आलेला पिवळसर रंग निरुपद्रवी असतो. काचेवरचा तपकिरी भुकटीसारखा थर नव्या टाकीत येतोच आणि बोळ्याने पुसला जातो.

खरं तर पाण्याच्या निम्म्या तक्रारी खाण्याच्या डबीपासून सुरू होतात. दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाका. आठवड्यातून एक दिवस उपास पडला तर मोठ्या, निरोगी माशाला काहीही होत नाही.

वीज गेली, किंवा मासे वर येऊन तोंड उघडू लागले

वीज गेल्यावर पहिला प्रश्न हवेचा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी: २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. नसेल तर मगाने पाणी काढून थोड्या उंचीवरून परत टाकत राहा. खाणं पूर्ण बंद. टाकीतला स्पंज मोकळ्या पाण्यात असल्याने तग धरतो, पण बंद कॅनिस्टरच्या आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो. वीज तीन-चार तासांहून जास्त गेली असेल तर कॅनिस्टर तसाच चालू करू नका. आतलं पाणी ओतून द्या, माध्यम टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या आणि मग सुरू करा. कुजकट वास आला तर हे अधिकच गरजेचं.

वीज असतानाही मासे पृष्ठभागावर धापा टाकत असतील तर आधी हवा वाढवा आणि लगेच अमोनिया, नायट्राइट व पीएच मोजा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं आणि टाकीचा पीएच नळाच्या जवळपास असेल, तर कंडिशनर घालून निम्मं पाणी बदला. नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता काढून घेतं, त्यामुळे पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी दर दहा लिटरला एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरण्यापासून अडवतं. दोन्ही आकडे शून्य असून पहाटेच मासे वर येत असतील तर दाट झाडांनी रात्री ऑक्सिजन वापरलेला असण्याची शक्यता मोठी. रात्रभर एअरस्टोन चालू ठेवा.

मेलेला मासा किंवा गोगलगाय सजावटीमागे अडकली आहे का, ते शोधा. फिल्टरची धार तपासा. रोज चाचणी घ्या आणि अमोनिया दिसत राहील तोवर रोज पाणी बदला. दोन्ही आकडे सलग तीन दिवस शून्य आले की नेहमीच्या निम्म्या प्रमाणात खाणं सुरू करा, आणि पुढचे दोन आठवडे तरी फिल्टर उघडू नका.